कॉफी शॉपसाठी दूध कशात ठेवायचं? नळाचं मशीन घ्यावं का?

कपबशी

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं कॉफी शॉप सुरू करतोय. जागा साडेचारशे चौरस फूट, २२ खुर्च्या, काउंटर नऊ फुटांचं. दोन ग्रूपचं (एकाच वेळी दोन जागी कॉफी काढणारं) एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर घेऊन झालं. गाडी अडलीय ती दुधापाशी.

आमचा अंदाज रोज १२० कपांचा आहे, शनिवार-रविवारी २००. कपाला सरासरी १७० मिली दूध धरलं तर एरवी वीस लिटर आणि सुटीच्या दिवशी चौतीस. सांडलवंड वेगळी.

डीलर म्हणतो, थंड दुधाचं दोन नळांचं मशीन घ्या. वीस-वीस लिटरच्या दोन टाक्या, कळ दाबली की पिचरमध्ये (दूध वाफवायच्या चोचीच्या मगात) मोजून दूध. सव्वा लाख सांगतोय. भाऊ म्हणतो, घरचा ३०० लिटरचा फ्रिज आणून ठेवू, दूधच तर आहे. मामांचा गोठा आहे, ते म्हणतात, 'पिशवीचं दूध कशाला? मी रोज पहाटे म्हशीच्या दुधाचा कॅन धाडतो, बर्फात ठेवा.' तिघंही मनापासून सांगतात आणि तिघांचं पटतं. ज्यांनी रोज दूध हाताळलंय त्यांनी सांगा, पैसे कुठे घालू?

चहाबाज

कोल्हापुरात दुधाच्या मशीनची चौकशी! म्हैसच आणून बांधा की काउंटरला.

गंगावेस

@चहाबाज, भावा, हसण्यावारी नेऊ नकोस. आमच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर अजून म्हैस उभी असते, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. साठवण नाही, फ्रिज नाही, नळ नाही. पैलवानांपासून पोराटोरांपर्यंत सगळी तिथंच पितात. फेस म्हणजे काय हे आम्हाला इटलीनं शिकवायची गरज नाही.

पण ताई, ते धारोष्ण, काढलं की प्यायलं. तुमच्याकडं ते दूध दिवसभर राहणार. तिथं हिशेब बदलतो. मामांचं मन मोडू नका, पण जाणकार काय म्हणतात ते ऐका.

फेसाळ

पुण्यात सहा वर्षं कॉफी बारवर उभा आहे, तीन दुकानं मांडताना पाहिलीत. तुमच्या आकड्यांना नळाचं मशीन नको. दोन दारांचा अंडरकाउंटर फ्रिज घ्या आणि तो एस्प्रेसो मशीनच्या बरोबर खाली, स्टीम वँडच्या (दुधाला वाफ देणाऱ्या नळीच्या) बाजूला बसवा. जागा ठरवणं हे मॉडेल ठरवण्याइतकंच महत्त्वाचं.

कारण सांगतो. एका कपासाठी फ्रिज उघडणं, दूध ओतणं आणि परत ठेवणं असं तीनदा वाकणं-वळणं होतं. दिवसाला १२० कप म्हणजे साडेतीनशे वेळा. फ्रिज चार पावलांवर असला की काय होतं ते सगळ्या बॅरिस्टांना (कॉफी बनवणाऱ्यांना) माहीत आहे: दुधाचा जग काउंटरवरच राहतो. 'आत्ता लागणारच आहे की' म्हणत अर्धा तास जातो आणि दूध १५ अंशांवर पोचतं. मग फेस नीट येत नाही. थंड दुधाला वाफ देताना हवा घ्यायला आणि ती दुधात फिरवून मुरवायला वेळ मिळतो. ४ अंशांपासून ६०-६५ पर्यंतचा प्रवास लांब असतो. १५ पासून निघालात तर फेस बारीक व्हायच्या आत जग हाताला चटके देतो.

रोजचं काम असं: पिशव्या आल्या की बाहेरून धुवायच्या (क्रेट कुठे-कुठे टेकलेले असतात ते डोळ्यासमोर आणा), पुसून फ्रिजमध्ये. लागेल तशी एकेक कापून झाकणाच्या दोन लिटरच्या जगात ओतायची. जगावर चिकटपट्टी आणि कापल्याची वेळ. जग संपला की तो धुवायला, नवीन दूध दुसऱ्या स्वच्छ जगात. अर्ध्या जगात नवं दूध ओतायचं नाही, कधीच नाही.

महामार्ग_कॉफी

@फेसाळ यांच्याशी अर्धाच सहमत. आमचं दुकान हायवेला आहे. सुटीच्या दिवशी साडेतीनशे-चारशे कप, सत्तर लिटर दूध. आम्ही नळाचं मशीन लावलं आणि सुखी आहोत. आधी प्रत्येक पोरगा अंदाजाने ओतायचा, दर कपामागे तीस-चाळीस मिली पिचरमध्ये उरायचं आणि मोरीत जायचं. आता कळ दाबली की १८० म्हणजे १८०. बसगाडी थांबली आणि एकदम पंचवीस जण आले की पिशव्या कापत बसायला वेळ नसतो.

धुण्याचं काम आहे, नाकारत नाही. रात्री बंद करताना एक माणूस चाळीस मिनिटं फक्त त्यावर असतो. पण त्या मशीनने आमच्याकडे स्वतःची किंमत वसूल केली.

फेसाळ

@महामार्ग_कॉफी, सत्तर लिटरला मीही कदाचित तेच केलं असतं. ताईंचे वीस आहेत. वीस लिटरसाठी रोज रात्री चाळीस मिनिटांचा माणूस?

आणि मोजण्यासाठी मशीनच लागतं असं नाही. पिचरच्या आतल्या बाजूला मापाची खूण असते, नसेल तर पाणी मोजून ओता आणि कुठवर येतं ते लक्षात ठेवा. १५० मिलीच्या कॅपुचिनोला लहान पिचर, लाटे कॉफीला मोठा. वेगवेगळ्या मापांचे पाच-सहा पिचर घेतले की निम्मी नासाडी थांबते.

दुग्धालय

दुग्धतंत्रज्ञानात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण धाग्यात मशीनची चर्चा आहे पण त्यात पडणाऱ्या दुधाची नाही.

आधी मामांच्या दुधाबद्दल. कपबशी ताई, कच्चं दूध थेट स्टीम वँडखाली नेऊ नका. वाफेने दूध तापतं म्हणून ते निर्जंतुक होतं हा मोठा गैरसमज आहे. पाश्चरीकरणाला ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद लागतात. तुमचा पिचर साठ-पासष्टला पोचतो आणि क्षणात ग्राहकाच्या हातात जातो. घरी आपण दूध उकळतो, ती सवय दुकानात आपोआप पाळली जात नाही.

'मग उकळून थंड करू' म्हणाल. वीस लिटर उकळलेलं दूध पातेल्यात ठेवून ४ अंशांवर यायला तासन्‌तास लागतात, आणि मधल्या कोमट अवस्थेतच जंतूंची चंगळ असते. शिवाय उकळलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो, तो कॉफीत लपत नाही.

दुसरं म्हणजे, कच्च्या दुधात स्निग्धांश फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. कॅन गाडीवर हिंदकळला की स्निग्ध कणांभोवतीचं आवरण तुटतं, विकराला वाट मिळते आणि मोकळी मेदाम्लं तयार होतात. चवीला ते दूध खवट लागण्याआधीच त्याचा फेस बसायला लागतो. बॅरिस्टा बिचारा वँडचा कोन बदलत राहतो आणि दोष असतो दुधाचा.

आता पिशवीच्या दुधाबद्दल. टोन्डमध्ये ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घन (प्रथिनं, साखर, क्षार), स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. फेस उभा राहतो तो प्रथिनांवर, जिभेवरची जाडी येते ती स्निग्धांशाने. तुमच्या गावाला दाट दुधाचा अभिमान आहे, पण सहा टक्क्यांच्या दुधात कॉफी बुडते असं माझं मत. स्टँडर्डाइज्ड आणि गाईचं असं दोन्ही आणून आठवडाभर चाखून बघा. आणि पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलंय का ते वाचा. हा शब्द तुमच्या मशीनचा निकाल लावेल, कसा ते संध्याकाळी लिहितो. नातीला शाळेतून आणायचंय.

कपबशी

काका, वाट बघते! 'होमोजिनाइज्ड' आजवर पिशवीवर कधी वाचलंच नव्हतं, आत्ता फ्रिजमधली काढून बघितली. एकीवर आहे, एकीवर नाही.

पर्थकर

मी ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, विद्यार्थी असताना दोन वर्षं कॅफेत काम केलं. इथे दुधाच्या नळाची एक यंत्रणा आहे, 'जगलर' नावाची, पर्थच्याच कंपनीची. काउंटरखाली फ्रिज, त्यात १० लिटरच्या दुधाच्या बंद पिशव्या. त्यांना नळी जोडायची, नळ वर काउंटरवर, समोर बटणं. दाबलं की ठरलेलं माप. प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग गायब, कंबर वाचते. कामाला फार सुखाची.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डेअरीच ते दूध जोडणीसकट त्या पिशवीत भरून पाठवते. दुकानदार दूध 'ओतत' नाही. पिशवी सील असते, रिकामी झाली की फेकायची. वाटेतली नळी तेवढी धुवावी लागते. तुमच्या डीलरच्या मशीनमध्ये दूध कसं जातं?

कपबशी

@पर्थकर, त्याच्या माहितीपत्रकात वरचं झाकण उघडून ओतायचं असं चित्र आहे. आत फिरणारं पातं आहे, 'दूध एकसारखं राहतं' असं लिहिलंय. बाजूला संत्र्याच्या सरबताचं पण चित्र आहे.

फेसाळ

म्हणजे सरबताचंच मशीन. ताई, थांबा.

यमुनापार

या धाग्याने जुनी आठवण जागी केली. माझं बालपण दिल्लीत गेलं, वडिलांची केंद्र सरकारी नोकरी. मदर डेअरी तिथे १९७४ मध्ये सुरू झाली, ऑपरेशन फ्लड या धवलक्रांतीच्या योजनेतून. बूथवर पैसे देऊन टोकन घ्यायचं, यंत्राच्या फटीत टाकायचं, आणि खाली बरणी धरायची. घरघर आवाज व्हायचा आणि थंड दुधाची जाड धार पडायची. टोकन टाकायचा मान कुणाचा यावरून आम्हा भावंडांची रोज भांडणं. आई मागून ओरडायची, 'बरणी सरळ धर!' शेवटचा थेंब पडेपर्यंत बरणी हलवायची नाही असा आमचा नियम होता.

तेव्हा सुटं दूध नळातून देणं आपल्याला नवीन नाही. पण त्या नळामागे अख्खी डेअरी उभी होती. दूध पाश्चराइज्ड होऊन थंड टँकरनेच यायचं. एकट्या दुकानदाराला ती सगळी साखळी आपल्या अंगावर घ्यावी लागते, मला वाटतं फरक तिथे आहे.

चहाबाज

@यमुनापार, वा! आमच्याकडे मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या. वर पातळ पत्र्याचं झाकण, अंगठ्याने दाबलं की आत साय. ती साय कुणी खायची यावरून आमच्याकडे महायुद्ध. पहाटे केंद्रावर रांगेत बाटल्यांचा किणकिणाट अजून कानात आहे.

आजीची_चरवी

झाकणाला चिकटलेली साय चाटणाऱ्यांमध्ये मीही!

माटुंगा_फिल्टर

थोडा वेगळा मुद्दा. आमचं फिल्टर कॉफीचं काउंटर आहे, वडिलांपासून. आम्ही दूध गरमच ठेवतो, पाण्याच्या जॅकेटच्या स्टीलच्या बॉयलरमध्ये, खाली तोटी. डिकॉक्शनवर दूध पडलं, डबऱ्या-टंबलरमध्ये दोनदा उंचावरून ओतलं की फेस तयार. आमच्या कॉफीला दुधाचा तो किंचित आटलेला गोडवा हवाच असतो.

कपबशी ताईंना हे चालणार नाही, त्यांना थंड दूध वाफवायचंय. पण मेनूत फिल्टर कॉफी ठेवणार असाल तर तिच्यासाठी दूध वेगळं तापवा. वँडने वाफवलेल्या दुधाची फिल्टर कॉफी मी तरी ओळखून परत पाठवेन.

दुग्धालय

आलो. अर्धवट राहिलेलं पुरं करतो.

होमोजिनाइज्ड म्हणजे स्निग्ध कण अगदी बारीक करून साय वर येणार नाही असं केलेलं दूध. तसं नसलेलं दूध टाकीत उभं राहिलं की साय वर चढते. नळ असतो तळाला. म्हणजे सकाळचे कप पातळ दुधाचे आणि टाकी संपत आली की शेवटचे कप तुपकट. म्हैस असेल तर आणखी लवकर. ही साय चढू नये म्हणून मशीनवाले पातं बसवतात. पण दूध तासन्‌तास घुसळत ठेवणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको! रवी लाकडी असो की प्लास्टिकची, काम तेच करते. गारवा थोडा कमी पडला, दूध दहा-बारा अंशांवर गेलं, की लोण्याचे बारीक कण सुटतात आणि पात्याच्या दांड्याला चिकटतात. घुसळताना हवाही आत जाते, आणि स्निग्ध कण फुटून मोकळा झालेला स्निग्धांश फेस बसवतो.

म्हणजे पातं नसेल तर साय, असेल तर लोणी. होमोजिनाइज्ड दूध घेतलंत तर दोन्ही त्रास कमी होतात, पण तेव्हा पात्याची गरजच उरत नाही.

@महामार्ग_कॉफी यांचं मशीन बहुधा पात्याचं नसेल आणि दूध होमोजिनाइज्ड असेल. बरोबर?

महामार्ग_कॉफी

बरोबर काका. पातं नाही, आणि दूध सुरुवातीपासून होमोजिनाइज्डच. नळाजवळची नळी मऊ आहे, ती आम्ही ठरावीक दिवसांनी बदलतो. हे मी आधीच लिहायला हवं होतं. ताईंनी माझं वाचून ते पात्याचं यंत्र घेतलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

घरचा_फ्रिज

मी भावाच्या बाजूने. साताऱ्यात तीन वर्षं घरच्या फ्रिजवर दुकान चालवलं, साठ-सत्तर कप रोज. दूध एकदाही नासलं नाही. सगळे लगेच मोठ्या मशिनी सुचवतात, धंदा सुरू होण्याआधीच माणूस कर्जात. आधी गिऱ्हाईक येऊ द्या.

थंडगार

शीतकरणाचं काम करतो, हॉटेलं आणि आइस्क्रीमची दुकानं. @घरचा_फ्रिज यांचा अनुभव खोटा म्हणणार नाही, साठ कपांना निभतं. ताईंना का निभणार नाही ते सांगतो.

घरचा फ्रिज घरातल्या मोजक्या उघडझापीसाठी बनवतात. इथे कपामागे दोनदा, म्हणजे अडीचशेच्या आसपास. दर वेळी आतली थंड हवा खाली सांडते. कमर्शियल फ्रिजमध्ये पंखा जोरात हवा फिरवतो आणि तापमान लवकर परत खाली येतं. दुसरं, फ्रिजच्या मागे किंवा दारात एक पट्टी असते, तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. एप्रिलमध्ये एस्प्रेसो मशीनच्या खालच्या कप्प्यात, शेजारी उष्ण हवा टाकणारा डिश वॉशर, तिथे किती तापत असेल? 'टी' नसेल तर घेऊच नका. आणि कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) हवा पुढून घेणारा-सोडणारा घ्या. मागून हवा घेणारा फ्रिज काउंटरमध्ये कोंबला की स्वतःच्याच उष्णतेत गुदमरतो. निम्म्या तक्रारी मी नुसता फ्रिज भिंतीपासून ओढून सोडवल्यात.

आता हिशेब. दुधाची उष्णताधारणा किलोला अंशामागे ३.९ किलोज्यूल. पिशव्या १० अंशांवर आल्या आणि तीस लिटर ४ वर आणायचे, तर सुमारे ७०० किलोज्यूल काढावे लागतात. लहान अंडरकाउंटरला दार न उघडता तासाच्या वर लागेल, आणि पिशव्या क्रेटमध्ये दाटीने असतील तर मधल्या पिशवीला दुपार उजाडेल. हा फ्रिज थंड दूध थंड ठेवण्यासाठी असतो. म्हणून दूधवाला येईल तेव्हा दोन पिशव्यांच्या मध्ये थर्मामीटर दाबून धरा. आकडा मोठा आला तर त्याच्याशी बोला, फ्रिजशी भांडू नका.

वीज गेली तर? दाखल्यापुरतं धरू की बंद फ्रिजमध्ये ५० वॅटने उष्णता शिरते, म्हणजे तासाला १८० किलोज्यूल. आत ३५ लिटर दूध असेल तर तासाला सव्वा-दीड अंश चढेल. सहाच लिटर असेल तर सात-साडेसात अंश! रिकामा फ्रिज लवकर तापतो. यावर उपाय स्वस्त आहे. पाण्याच्या बाटल्या डीप फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल पितो. पाच किलो बर्फ फ्रिजच्या वरच्या फळीवर ठेवला आणि दार उघडलं नाही तर दुपार निघते. इन्व्हर्टरवर फ्रिज लावणार असाल तर इलेक्ट्रिशियनला विचारून लावा, कंप्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट वीज ओढतो.

कपबशी

@थंडगार दादा, हे कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. भावाला वाचून दाखवलं. तो आता घरच्या फ्रिजची पट्टी शोधतोय. 'एन' आहे म्हणे.

घरचा_फ्रिज

मान्य. साताऱ्याची हवा आणि साठ कप यांनी मला सांभाळून घेतलं असणार. बर्फाच्या बाटल्या मात्र मीही ठेवायचो.

पत्र्याचा_माणूस

जग, पिचर, टेबल घेताना एक सावधगिरी. विक्रेता चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील. हे अर्धसत्य आहे. २०२ या हलक्या जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, २०२ मध्ये निकेल कमी. मीठ, आम्ल, क्लोरीन रोज लागलं की २०२ वर तपकिरी ठिपके येतात. बिलावर '३०४' लिहून घ्या, तोंडी नको. आणि जोडाचे कोपरे गोल आहेत का बघा. काटकोनात दूध बसलं की ब्रश पोचत नाही.

आजीची_चरवी

कोपऱ्यांवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या आजीकडे दुधाची चरवी, ताकाचा डेरा आणि पाण्याचा हंडा यांच्या घासण्या वेगळ्या. दुधाचं भांडं आधी गार पाण्याने विसळायचं, मग राख आणि चिंच, मग कढत पाणी, आणि शेवटी उन्हात पालथं. आम्ही पोरी थेट कढत पाणी ओतायचो तर ती हात धरायची. 'दूध भाजतंय भांड्याला,' म्हणायची. हे नुसतं तिचं वळण होतं की त्यात काही अर्थ आहे?

दुग्धालय

पूर्ण अर्थ आहे. आधी कढत पाणी घातलं की प्रथिनं भांड्यावर शिजून घट्ट बसतात. डेअरीतही हाच क्रम असतो: आधी साधं किंवा कोमट पाणी, मग गरम पाण्यात अल्कली, म्हणजे स्निग्धांश आणि प्रथिनं सुटतात, पुन्हा पाणी, आणि अधूनमधून आम्ल, म्हणजे कॅल्शियमचा पांढरट थर सुटतो. आजींच्या राखेत अल्कली, चिंचेत आम्ल. उन्हात पालथं म्हणजे कोरडं, आणि कोरड्या भांड्यात जंतू वाढत नाहीत. दुकानात मिळणारी अन्नयोग्य रसायनं वापरा, प्रमाण डब्यावर असतं ते मोजून घ्या. क्रम मात्र आजींचाच ठेवा.

आणि कपबशी ताई, मशीन बघताना डीलरला एकच सांगा: 'माझ्यासमोर पूर्ण उघडा.' नळ, गॅस्केट (जोडातली रबरी कडी), नळी, सगळे भाग हाताने सुटले पाहिजेत. जे सुटत नाही ते धुतलं जात नाही. गारव्यातही वाढणारे जंतू असतात, ४ अंश म्हणजे त्यांची गती मंदावते, थांबत नाही. एका न सुटणाऱ्या वळणात कालचं दूध राहिलं तर आजच्या वीस लिटरला तेच विरजण.

ओटवाला

ओट दुधाबद्दल कुणी बोललंच नाही! माझ्या दुकानात रोज दहा-बारा कप जातात.

फेसाळ

@ओटवाला, ते टेट्रा पॅकमध्ये येतं, न उघडता फळीवर राहतं, उघडलं की फ्रिजमध्ये. त्याला पिचर आणि फडकं मात्र वेगळं ठेवा. कुणी दुधाच्या अॅलर्जीमुळे मागत असेल तर वँड नुसता पुसून चालत नाही, आधी ग्राहकाला स्पष्ट सांगा.

तसंच साध्या दुधाचेही दहा-बारा लिटर यूएचटी टेट्रा पॅक कायम कोपऱ्यात असू द्या. १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं, चव थोडी शिजलेली, पण पावसाळ्यात दुधाची गाडी अडकली की दुकान बंद ठेवावं लागत नाही.

गंगावेस

पंचगंगा चढली की रस्ते बंद होतात, हे पुणेकराला बरं ठाऊक! २०१९ च्या पुरात इथं दुधासाठी काय हाल झाले ते आम्ही बघितलंय. ताई, हा सल्ला लिहून ठेवा.

कपबशी

दहा दिवसांनी परत येतेय. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

डीलरकडे जाऊन 'पूर्ण उघडा' म्हटलं. टाकी निघाली, पातं निघालं, नळाच्या मागची वाकडी नळी निघेना. त्याच्या पोराने पक्कड आणली. मी नमस्कार करून बाहेर पडले.

दोन दारांचा अंडरकाउंटर ठरवलाय, पुढून हवा घेणारा, 'टी' वर्गाचा, आत पंखा. सुताराला सांगून काउंटरचा कप्पा बदलून घेतला, आता फ्रिज वँडच्या बरोबर खाली येतो. दाराच्या बिजागऱ्या उजवीकडून डावीकडे करून घेतल्या, नाहीतर उघडल्यावर दार ग्राइंडरच्या बाजूला आडवं येत होतं. हे कागदावर कळलं नव्हतं, जमिनीवर खडूने आखून भाऊ खोटा खोटा दार उघडत उभा राहिला तेव्हा कळलं. उरलेल्या पैशांत एक लहान डीप फ्रीझर (बर्फाच्या बाटल्या आणि आइस्क्रीम), सहा पिचर, दोन लिटरचे आठ जग, तीन थर्मामीटर आणि काउंटरवर पिचर विसळायचा पाण्याचा फवारा.

दूध: चार प्रकार आणून घरच्या बारा माणसांना न सांगता पाजले. स्टँडर्डाइज्ड होमोजिनाइज्ड जिंकलं, फुल क्रीम दुसरं. आईने एकटीने फुल क्रीमला पहिला नंबर दिला आणि अजून मागे हटलेली नाही.

मामांची समजूत काढायला मीच गेले. कच्चं दूध का नको ते सांगितलं, ६३ अंश-३० मिनिटांसकट. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'मग खवा तरी माझ्या दुधाचा घे.' आता आमच्याकडे कॉफीसोबत त्यांच्या खव्याचा पेढा असेल.

एक प्रश्न उरलाय. रात्री जगात उरलेलं, दिवसभर फ्रिजमध्येच असलेलं लिटर-दीड लिटर दूध सकाळी वापरू का?

फेसाळ

वँडखाली नाही. रात्रीच उकळून घरी न्या, नाहीतर विरजण लावा. सकाळचा पहिला कप नव्या पिशवीतला. बिजागऱ्यांचं फार छान केलंत, ते मी सांगायला विसरलो होतो.

थंडगार

एक थर्मामीटर फ्रिजच्या हवेत ठेवू नका, पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या फळीवर ठेवा. दार उघडलं की हवेचा आकडा उड्या मारतो, दुधाचा खरा आकडा त्या बाटलीत दिसेल. सकाळी, दुपारी चारला आणि बंद करताना वहीत लिहा. आणि कंडेन्सरची जाळी महिन्याला ब्रशने साफ करा.

दुग्धालय

आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येतोय, अंबाबाईचं दर्शन घेऊन दुपारी दुकानात येईन. दुपारी चारचा आकडा मला वहीत बघायचाय.

कपबशी

या काका, पेढाही ठेवते. वही आजच आणली, लाल पुठ्ठ्याची.